स्थळ पाहावं तसा डॉक्टर

सोलापुरात आमच्या गिरणीमागच्या चाळीत कुणाच्या पोरीचं लग्न काढायचं झालं, की लोक सोनाराकडे जायच्या आधी सोजरबाईकडे जात. पत्रिका जुळो न जुळो, सोजरबाईनं स्थळ बघून ‘द्या’ म्हटलं की द्यायची. तिनं नाक मुरडलं, तर मुलगा राजाच्या पोटचा का असेना, विषय तिथंच मिटला.

तिची रीत ठरलेली होती. मुलाच्या गावी जायचं ते कुणाला न कळवता. ऐन दुपारी त्या घराच्या दारात उभं राहायचं आणि वाटसरू म्हणून पाणी मागायचं. पाणी कोण आणून देतं, तांब्या घासलेला आहे का, देणाऱ्या सुनेच्या कपाळावर आठी आहे का, एवढं सगळं तांब्या तोंडाला लागेपर्यंत तिचं बघून होई. मग गोठ्याकडे एक नजर. जनावरांच्या बरगड्या दिसल्या तर त्या घरात सुनेच्याही दिसणार, असा तिचा हिशेब. आणि शेवटी शेजारीण. शेजारणीपुढे ती त्या घराची एवढी तारीफ करी, की ते त्या बाईला सोसत नसे आणि ती आपणहून बोलायला लागे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांच्या आतल्या गोष्टी सोजरबाईला अशा फुकटात कळलेल्या होत्या.

निघता निघता ती एक प्रश्न मात्र न चुकता विचारायची. “आन् घरात कुनी येडंबिडं न्हाय न्हवं?”

ह्या प्रश्नावर तिनं स्थळं मोडलेली होती. मोहोळजवळच्या एका बागाईतदाराचं स्थळ तर चांगलं हातातोंडाशी आलेलं. घर स्वच्छ, बैलं गुबगुबीत, मुलगा निर्व्यसनी. पण पाणी पिता पिता तिला गोठ्याच्या कोपऱ्यात एक बाई दिसली. केसांच्या जटा झालेल्या, गुडघ्यात मान, आपल्याशीच काही पुटपुटत होती. शेजारीण म्हणाली, ती मुलाची आत्या, सारजाबाई, डोक्यानं गेली तेव्हापासून माहेरीच असते. सोजरबाईनं अर्धा प्यालेला तांब्या तसाच खाली ठेवला आणि चालू लागली. मुलीच्या बापाला तिनं सांगितलं, “त्या घराची पायरी चढू नगासा.” त्याला का म्हणून विचारायचीही हिंमत झाली नाही.

सोजरबाई गिरणीच्या कांडी खात्यात, सूत कांड्यांवर भरायच्या कामाला होती. नवरा मागेच प्लेगात गेला. एकच मुलगा, मानसिंग, तोही त्याच गिरणीत. त्याच्यासाठी तिनं मंगळवेढ्याकडची मुलगी आणली, ती अर्थातच स्वतः बघून, पाणी पिऊन, शेजारणीला बोलतं करून. मुलीचं नाव बजाबाई. आई लहानपणीच वारलेली, घरात सावत्र आई, पण पोर हसरी; हसताना तोंडाला पदर लावायचा असतो हे तिच्या ध्यानातच येत नसे. सोजरबाईला तेच आवडलं. चाळीत ती सांगत सुटली, “माज्या नजरंनं कदी धोका दिल्याला न्हाय.”

सोलापुरातल्या मार्शल लॉच्या पुढच्या वर्षी, म्हणजे एकतीस साली, गणपतीच्या सुमाराला बजाला मुलगा झाला. माहेरी करणारं कुणी नाही म्हणून बाळंतपण सोलापुरातच केलं. पोर धडधाकट, बाळंतीण सुखरूप, पेढे वाटून झाले. आणि बारशानंतर बजाचं हसू गेलं.

आधी हसू गेलं, मग बोलणं गेलं, मग भूक. पोर रडून रडून निळं होई आणि ती भिंतीकडे बघत बसे, जणू ते रडणं दुसऱ्याच कुणाच्या घरातून येतंय. पदराखाली घेतलं तर पाजायची, नाही तर नाही. एकदा सोजरबाईनं तिला पाण्याच्या हौदाच्या काठावर उभी असलेली पाहिली. नुसती उभी, आत बघत. तिनं सुनेला दंडाला धरून घरात आणली, दाराला आतून कडी घातली आणि चुलीपुढे बसून रडली. ज्या प्रश्नावर दुसऱ्यांची घरं तिनं नापास केली, तो प्रश्न आता तिच्याच चुलीपाशी येऊन बसला होता. चाळीत कुणी विचारलं तर ती म्हणे, “अंगात तापाची कसर हाय, दुसरं काय न्हाय.”

दिवाळीला मोहोळहून आबासाहेब आले. हे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. घराण्यातला शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी बजाकडे एकवार पाहिलं आणि पानसुपारी खाऊन झाल्यावर बोलले.

“सोजरबाई, सगळ्या जगाची चवकशी करत फिरता. आपल्या घरात कसं दिसलं न्हाय?”

सोजरबाईला ते काळजात लागलं आणि ती पुढ्यातलं पानाचं तबक आवरायला लागली.

“गुडीपाडव्यापतूर बघू,” आबासाहेब म्हणाले. “सुदारली तर बरं. न्हाय तर तिला तिच्या बापाकडं सोडायची. पोर हितंच ऱ्हाईल. मानसिंगाला दुसरी बघू.”

मानसिंग खाली मान घालून बसला होता. आईकडे त्यानं एकदाच पाहिलं. सोजरबाईला कळलं की आता जे काही करायचं ते तिनंच. सावत्र आईच्या दारात ह्या अवस्थेत टाकलेली पोर किती दिवस जगेल, हे तिला चांगलं ठाऊक होतं. असल्या घरांचे गोठे तिनं आतून पाहिलेले होते.

शेजारच्या खोलीत सुंदरम्मा राहायची. साखर पेठेतल्या तेलुगू विणकरांच्या घरची, नवरा गिरणीत साचेवाला, मागावर काम करणारा. कसर हाय, कसर हाय, हे तिनं एक दिवसही खरं मानलं नव्हतं. ती म्हणाली, “अक्का, बाळीवेशीतल्या डॉक्टर महादेवप्पाला दाखव की. माझ्या बहिणीचं असंच होतं, त्यांनीच बघितलं.” दुसरीकडे चाळीतले बाप्ये सांगत होते, की चाटी गल्लीत एक प्रोफेसर आलेत, नाव गंगाधरपंत. पाटीवर लिहिलंय ‘मेंदू व मनाचे सर्व विकार, एम. डी., अमेरिका’. कोटावर बिल्ले, भिंतीवर चौकटी, आणि विजेची पेटी.

दोन नावं समोर आली. सोजरबाईला हायसं वाटलं, कारण दोनातलं एक निवडणं हे तर तिचं रोजचंच काम. तिनं पदर खोचला आणि चौकशीला निघाली.

बाळीवेशीतलं काम झटक्यात उरकलं. महादेवप्पांच्या दवाखान्याच्या पाटीवरचा रंग उडालेला, अक्षरं धड वाचता येत नव्हती. शेजारच्या भांडीवाल्याकडे तिनं तारीफ करून पाहिली, तर तो हसतच सुटला. लग्न केलेलं नाही. घरी कुणी नाही. खानावळीत जेवतात, तंबाखू खातात, रोग्यावर खेकसतात. गाव अक्कलकोटच्या पलीकडे कुठंतरी, नातलग कोण ते कुणालाच माहीत नाही. सोजरबाई दवाखान्यात गेलीसुद्धा नाही. ज्याच्या घरात दिवा लावायला माणूस नाही, त्याच्या हातात आपली सून काय द्यायची!

प्रोफेसरांच्या चौकशीला मात्र तिनं चांगले दिवस घालवले. नळावर त्यांच्या बायकोची गाठ घेतली; बाई गोड बोलणारी, नाकात नथ, हातात हिरवा चुडा. घरात पाणी मागितलं तर पाण्याबरोबर गूळ आला. म्हातारी आई ओसरीवर मऊ गादीवर बसलेली, म्हणजे आईला जपतात. मुलं नेटकी. प्रोफेसर पहाटे उठून पूजा करतात, दारूचा थेंब घेत नाहीत, कुणाला वर डोळा करून बघत नाहीत. एवढ्यावर तिचं समाधान होईना, म्हणून ती आगगाडीनं बार्शीकडे त्यांच्या मूळ गावापर्यंत जाऊन आली. तिथंही एकानं वाईट शब्द काढला नाही. घरी येऊन तिनं मानसिंगाला सांगितलं, “सोनं हाय मानूस. उद्याच न्यायची.”

आणि खोटं त्यात काहीच नव्हतं. गंगाधरपंत माणूस खरोखरच सोन्यासारखा होता. हे मी मुद्दाम सांगतो, नाही तर तुम्हाला वाटेल हा कुणी लुच्चा भोंदू होता. तसं असतं तर सोजरबाईनं त्याला पहिल्या तांब्यालाच ओळखलं असतं.

प्रोफेसरांनी बजाला खुर्चीत बसवलं आणि एका पांढऱ्या पुठ्ठ्यावरच्या काळ्या टिकलीकडे बघायला लावलं. ती बघत राहिली; बघत राहणं एवढंच तर ती करत होती. मग त्यांनी विजेच्या पेटीचा दांडा फिरवला आणि पितळेच्या मुठी तिच्या हातात दिल्या. बजा किंचाळली. प्रोफेसर आनंदले. “बघा, आवाज फुटला!” वर सांगितलं, की मेंदू तापलेला आहे, तिला अंधाऱ्या खोलीत ठेवा, कुणी बोलायचं नाही, पोर जवळ न्यायचं नाही, आणि दर आठवड्याला पेटी.

सोजरबाईनं सगळं तंतोतंत केलं. मधल्या खोलीच्या झरोक्याला गोणपाट लावलं. पोराला सुंदरम्माच्या हवाली केलं. बजा आत अंधारात पडून राहिली. चाटी गल्लीत जायचा दिवस आला, की ती उंबऱ्याला दोन्ही हातांनी धरून बसे आणि मानसिंगाला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागत. थंडी सरत आली तोवर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या.

एके दिवशी पेटी झाल्यावर बजा खुर्चीतच थरथरत बसली होती. सोजरबाईचा जीव तुटत होता. तिनं हात जोडून विचारलं, “साहेब, ह्यानं बरं न्हाईच झालं तर मग काय करायचं?”

“छे, छे!” प्रोफेसर प्रेमानं म्हणाले. “असं होतच नाही. माझ्या हातून आजवर एकही रोगी बरा झाल्यावाचून राहिलेला नाही.”

सोजरबाईचे जोडलेले हात खाली आले. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. आयुष्यभर तिनं ते दारोदारी ऐकलं होतं. आमच्या घरात कसलीच खोट नाही, कधी भांडण नाही, कुणाला कधी आजार नाही. असं जे घर म्हणतं, त्या घरात सोजरबाई मुलगी कधीच देत नसे. ज्या घरात म्हणतात, ‘सासरा तापट हाय बगा, पन मनात ठेवत न्हाय,’ तिथं ती डोळे मिटून देई.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “ह्ये तुमी कुनाच्या हाताखाली शिकला?”

प्रोफेसरांनी अभिमानानं भिंतीवरच्या सोनेरी चौकटीकडे बोट केलं. “अमेरिकेतलं मोठं विद्यालय आहे.”

“लई लांब जावं लागलं आसंल.”

“जायचं कशाला? पुस्तकं टपालानं येतात, आपण उत्तरं लिहून पाठवायची, की पदवी घरपोच.” हे सांगताना त्यांना तिळभरही संकोच वाटला नाही. आपण शिकलो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

“मग माज्या सुनंसारकी बाई तुमाला कुनी समोर बसवून दावली आसंल की.”

प्रोफेसर विचारात पडले. “तशी वेळ आली नाही,” ते म्हणाले. “पुस्तकात सगळं असतंच.”

सोजरबाईनं सुनेला उठवलं, प्रोफेसरांच्या बायकोनं दिलेलं हळदीकुंकू लावून घेतलं आणि बाहेर पडली. रस्त्यात तिच्या डोळ्याला धार लागली. एवढी चौकशी केली, तांब्या बघितला, नथ बघितली, आईची गादी बघितली. माणूस कसा ते विचारलं आणि त्याला काम येतं का हे विचारायचंच राहून गेलं. त्या घरात मुलगी दिली असती तर ती सुखात नांदली असती. पण आपण तिथं मुलगी द्यायला गेलोच नव्हतो, रोगी घेऊन गेलो होतो! आयुष्यभराच्या हुशारीनं ऐन वेळी असा दगा दिला, याचा तिला इतका संताप आला, की घरी पोचल्याबरोबर तिनं झरोक्याचं गोणपाट ओढून फाडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती बाळीवेशीत गेली, आणि या वेळी आत गेली. महादेवप्पा एका पोऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होते. कोटाचं एक बटण तुटलेलं, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली.

“काय होतंय?” ते न बघताच खेकसले.

“मला काय न्हाय हुईत. सून आजारी हाय. पन आदी मला तुमची चवकशी करायचीया.”

दवाखान्यात बसलेली दोनचार माणसं हसली. महादेवप्पांनी चष्म्यावरून बघितलं. “कसली चौकशी? लग्न करायचंय काय माझं?”

“तुमचं लगीन तुमी बगा,” सोजरबाई म्हणाली. “कुटं शिकला ते सांगा. आन् कुनी शिकीवलं.”

महादेवप्पा स्वतःच स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. “बाई, तीस वर्षं झाली हितं, पण हे मला कुणी विचारलं नाही बघ. लोक विचारतात औषध गोड आहे की कडू.” आणि त्यांनी सांगितलं. मुंबईच्या सरकारी वैद्यकी कॉलेजात शिकले, रोग्यांच्या खाटांपाशी उभं राहून. परीक्षा युनिव्हर्सिटीनं घेतली, एकदा नापासही झाले. पाटीवरची पुसट अक्षरं म्हणजे ‘एल. एम. अँड एस.’, युनिव्हर्सिटीची डॉक्टरकीची पदवी. “आणि मुंबईत सरकारनं डॉक्टरांची नोंद ठेवलीय. त्यात माझं नाव आहे की नाही हे कुणीही विचारू शकतं. आमच्या हातून काही वावगं झालं तर तिथं जाब द्यावा लागतो. त्या अमेरिकावाल्याला कोण जाब विचारणार? एम. डी. ही अक्षरं मोठीच आहेत बाई, माझ्यापेक्षा मोठी. पण ती दिली कुणी, ते बघायचं असतं.”

“आन् डोस्क्याच्या आजाराचं?”

“धारवाडच्या वेड्यांच्या इस्पितळात वर्षभर होतो, तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली. तुझ्या सुनेला काय होतंय?”

सोजरबाईनं सांगितलं. बारशापासून हौदापर्यंत, हौदापासून विजेच्या पेटीपर्यंत, काही लपवलं नाही. इतके महिने दाबून ठेवलेलं बोलताना तिचा श्वास मोकळा होत गेला.

“बाळंतपणानंतर बायकांना असं होतं,” महादेवप्पा म्हणाले. “धारवाडला मी अशा बायका पाहिल्यात. बऱ्याच बऱ्या झाल्या.”

“बऱ्याच म्हंजी समद्या न्हाय.”

“समद्या नाही.”

सोजरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि शेवटचा प्रश्न विचारला. “आन् आमची न्हाय झाली तर?”

“तर मी तसं सांगीन. मी मनाच्या आजारांचा पंडित नाही, बाई. पोटभर खाईना, जिवाचं बरंवाईट करायला बघू लागली, तर येरवड्याच्या इस्पितळाला चिठ्ठी देईन आणि स्वतः गाडीत बसवून देईन. तिथं माझ्याहून जास्त कळणारे लोक आहेत.”

येरवड्याचं नाव ऐकून दुसरी कुणी असती तर पदर सावरून पळाली असती. सोजरबाई मात्र मनाशी म्हणाली, ह्या घरात खोट आहे आणि हे लोक ती सांगतात. “चला,” ती म्हणाली. “मला पसंत हाय.”

महादेवप्पा घरी आले ते आधी झरोक्याखाली बसले. मानसिंगाला बाहेर पाठवलं. नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. रक्तच नव्हतं अंगात, बारीक तापही होता. मग खेकसणारा तो माणूस इतक्या हलक्या आवाजात बोलला, की सोजरबाईला वाटलं दुसराच कुणी आला.

“बजा, तुला झोप लागते का गं?”

सगळ्यांनी आजवर तिच्याबद्दल दुसऱ्याला विचारलं होतं. तिला विचारणारा हा पहिलाच. बजाचे ओठ हलले. बऱ्याच वेळानं आवाज आला. “न्हाय.”

“किती दिवस?”

“लई.” आणि मग फुटक्या आवाजात, “मला पोरगं आपलं वाटत न्हाय. मी लई वंगाळ बाई हाय.”

“वंगाळ नाहीस. आजारी आहेस,” महादेवप्पा म्हणाले. “कुणाचा पाय मोडला तर तो वंगाळ होतो काय?”

त्यांनी झोपेचं औषध दिलं, रक्ताचं दिलं, दूध-अंडी सांगितली आणि मुख्य म्हणजे सोजरबाईला बजावलं, की तिला एकटी सोडायची नाही आणि बोल लावायचा नाही. पोर जवळ ठेवायचं, पण घे म्हणून मागे लागायचं नाही. “महिने लागतील. मध्येच पुन्हा बिघडेल. घाबरायचं नाही, मला सांगायचं.”

तसंच झालं. चार दिवस बरे गेले की दोन वाईट येत. सोजरबाई आणि सुंदरम्मा आळीपाळीनं तिच्याजवळ बसत. सोजरबाईनं त्यासाठी गिरणीची पाळी बदलून घेतली, आणि मुकादमानं कारण विचारल्यावर म्हणाली, “सून आजारी हाय.” कसर हा शब्द ती विसरून गेली होती.

पाडव्याला आबासाहेब हजर झाले. गुढी उभी होती, बजा दाराशी बसून पोराच्या अंगाला तेल लावत होती. हसत नव्हती. थकल्यासारखी दिसत होती. पण तेल लावत होती, आणि पोर तिच्या हाताखाली खिदळत होतं.

“बरी झाली म्हना की,” आबासाहेब बोलले.

“न्हाय,” सोजरबाई म्हणाली. “व्हायला लागलीया. अजून येळ लागंल.”

“पाडवा आपला ठरला व्हता.”

“आबा, तो तुमी ठरीवला व्हता. आजाराला कुनी कळीवला न्हाय.” तिनं डोक्यावरचा पदर सावरला, पण नजर खाली केली नाही. “सून माजी हाय. मी बगून आनलीया. माजी नजर चुकल्याली न्हाय, ती आजारी पडली, एवढंच. तिला कुटं धाडायची न्हाय.”

मानसिंग आतून आला आणि बजाच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. तेलाची वाटी त्यानं आपल्या हातात धरली. आबासाहेबांनी कडुलिंब मागितला, तोंड वाकडं करून खाल्ला आणि पुरणपोळीला थांबले.

आषाढापर्यंत बजा हसायला लागली. पहिल्यांदा हसली ती सुंदरम्माच्या मराठीला, आणि पदर लावायला विसरली.

पुढल्या साली आबासाहेबांची पोरगी, सोनाबाई, लग्नाला आली. स्थळ आलं ते नेमकं त्या मोहोळजवळच्या बागाईतदाराचं, धाकट्या मुलासाठी. थोरल्याचं नंतर दूर कुठंतरी जमलं होतं. आबासाहेबांनी निरोप धाडला, तुम्ही बघून या. सोजरबाई निघाली, आणि या खेपेला बजालाही बरोबर घेतलं. पोर कडेवर होतंच.

दार तेच, दुपार तशीच; पण आपण मुलीकडच्या हे तिनं आधीच सांगून टाकलं. घरच्या मालकिणीनं पाण्याचा तांब्या आणला. सोजरबाईनं तो हातात घेतला आणि गोठ्याकडे पाहिलं. सारजाबाई त्याच कोपऱ्यात होती, केस आता पिकलेले. तोंडाशी नेलेला तांब्या सोजरबाईनं खाली ठेवला.

तेवढ्यात बजा उठून गोठ्यात गेली. गवतावर सारजाबाईशेजारी बसली, पोराला मांडीवर घेतलं आणि जुन्या ओळखीच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “आत्या, झोप लागती का वो तुमास्नी?”

मालकीण लगबगीनं धावली. “अवं, तितं नगा जाऊ. त्या आमच्या जरा...” पुढचं तिला बोलवेना. ह्या बाईमुळे एकदा स्थळ गेलं होतं, आता दुसरं चाललं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“बसू द्या तिला,” सोजरबाई म्हणाली. मग चाळीतसुद्धा कधी मोठ्यानं बोलली नव्हती ते तिनं परक्या गावात, परक्या ओसरीवर, शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. “ती माजी सून हाय. गेल्या साली तिच्या डोस्क्याला आजार झाला व्हता. आता बरी हाय.”

मालकीण तिच्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरून आले.

“ह्यास्नी कुनाला दावलं का?” सोजरबाईनं विचारलं.

“लई जनांना. देवऋषी झालं, वैद्य झालं, एक मोटा तांबडा फेटावाला डाक्टर बी झाला...”

“त्यास्नी इचारलं का, कुटं शिकला म्हून? आसल्या बायका किती पायल्या? जमलं न्हाय तर कुनाकडं धाडनार?”

“आगं बया, आसं कसं इचारायचं मोट्या मान्सास्नी?”

“पोरीच्या स्थळाला इचारतो की समदं,” सोजरबाई म्हणाली. “बाळीवेशीत माजा डॉक्टर हाय, तितं घिऊन या. बऱ्या हुतीलच आसं तो सांगनार न्हाय. पन बगल, आन् जे आसंल ते खरं सांगंल.” मग तिला आठवलं, आपण कशाला आलोय ते. “आन् स्थळ मला पसंत हाय. आजारी मानसाला इतकी वर्सं ज्यांनी घराभाईर काडलं न्हाय, तितं आमची पोरगी सुखात ऱ्हाईल.”

गोठ्यातून बजानं सासूला हाक मारली. “आत्याबाई, ह्यांना झोप लागत न्हाय म्हनं. कवाधरनं लागत न्हाय.”

सारजाबाई बोलली होती. मालकीण तोंडावर हात ठेवून गोठ्याकडे बघत राहिली. सोजरबाईनं तांब्या उचलला आणि तळापर्यंत पाणी प्याली.